जैवइंधनाची गणिती प्रतिमाने आणि त्यांचे सुलभीकरण : प्रस्तावना

जैवइंधन तयार करणाऱ्या कोणत्याही संयंत्रात निरनिराळ्या वेगाच्या घडामोडी एकाच टाकीत चाललेल्या असतात. पाण्यातल्या आम्ल-अल्कांचा समतोल सेकंदाच्या अंशात साधतो. साखरेची आम्ले व्हायला तास लागतात, मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांची संख्या दुप्पट व्हायला दिवस लागतात आणि शेणातला तंतुमय भाग विरघळायला आठवडे. टाकीत काय आले, काय बाहेर गेले आणि आत कशाचे काय झाले, याचा समीकरणांत मांडलेला जमाखर्च म्हणजे त्या संयंत्राचे गणिती प्रतिमान. हिशोबात घेतलेल्या प्रत्येक घटकाला एक अवकल समीकरण लागते आणि प्रत्येक समीकरणात प्रयोगाने ठरवायचे काही अंक असतात. या अंकांना प्राचले म्हणतात. घटक वाढले की समीकरणे वाढतात आणि प्राचले तर त्याहून झपाट्याने वाढतात. त्यातली कोणती ठेवायची, कोणती एकत्र करायची आणि कोणती सोडून द्यायची हे ठरवण्याची पद्धत, म्हणजेच सुलभीकरण, हा या विवेचनाचा विषय आहे. शेणाची रबडी, मळीचे सांडपाणी, खाद्यतेल, भाताचा पेंढा असे कच्चे माल वेगळे असले तरी सुलभीकरणाच्या युक्त्या थोड्याच आहेत आणि त्या सगळीकडे पुन्हा पुन्हा भेटतात. त्या सर्वांत चांगल्या दिसतात त्या बायोगॅसच्या प्रतिमानांत, म्हणून येथे अधिक जागा त्यांना दिली आहे.

सूक्ष्मजीवांच्या वाढीचे आजचे बहुतेक गणित फ्रेंच जीवशास्त्रज्ञ जॅक मोनो याच्या १९४२ च्या प्रबंधापासून सुरू होते. अन्न कमी असताना जीवाणूंच्या वाढीचा वेग अन्नाच्या प्रमाणात वाढतो आणि अन्न मुबलक झाले की एका कमाल मर्यादेला टेकतो, हे त्याने दोन अंकांत बसवले. एक अंक कमाल वेगाचा आणि दुसरा, त्याच्या निम्मा वेग ज्या संहतीला मिळतो त्या संहतीचा. पेशीच्या आत हजारो अभिक्रिया चालतात हे त्याला ठाऊक होते, तरी बाहेरून दिसणारी वक्ररेषा दोन अंकांत मावते हे त्याने दाखवले. अर्थात मोनोचे समीकरण मुळातच एक सुलभीकरण आहे. पुढच्या पिढ्यांनी त्याच्या राशी रचून जी मोठी प्रतिमाने उभारली त्यांच्याकडे पाहताना ही गोष्ट सहज विसरली जाते.

अशा मोठ्या प्रतिमानांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे आंतरराष्ट्रीय जल संघटनेच्या कृतिगटाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘अॅनएरोबिक डायजेशन मॉडेल क्रमांक १’, म्हणजेच एडीएम१. हवाविरहित टाकीत सेंद्रिय पदार्थाचे मिथेन कसे होते याचे टप्पे त्यात १९ जैवरासायनिक प्रक्रियांत मांडले आहेत. कच्च्या मालाचे विघटन ही एक प्रक्रिया, कर्बोदके, प्रथिने आणि मेद यांचे जलविच्छेदन या तीन, निरनिराळ्या विद्राव्य अन्नद्रव्यांचे ग्रहण या आठ, आणि सूक्ष्मजीवांच्या सात गटांचे मरण या सात. त्यांच्या जोडीला आम्ल-अल्क समतोल आणि द्रवातून वायूत होणारी ये-जा आहेच. सगळे अवकल समीकरणांच्या रूपात लिहिले तर ३२ संहतींचा हिशोब एकाच वेळी ठेवावा लागतो.

संशोधकांना एक सामाईक भाषा देणे हा एडीएम१ चा हेतू होता आणि तो साध्य झाला. अडचण येते ती हे प्रतिमान एखाद्या चालू संयंत्राला लावताना. संयंत्राच्या प्रयोगशाळेत रोज मोजले जाते ते सीओडी (सेंद्रिय पदार्थाचे ऑक्सिजनच्या मागणीतले माप), सामू, बाष्पनशील मेदाम्ले, अल्कता आणि वायूचे आकारमान. ब्युटिरेट खाणारे सूक्ष्मजीव किती आणि प्रोपिओनेट खाणारे किती, हे कोणी मोजत नाही. न मोजलेल्या चलांना सुरुवातीचे मूल्य द्यावे लागते, ते अंदाजाने दिले जाते, आणि मग प्राचलांची निरनिराळी जुळणी करूनही वायूची तीच वक्ररेषा मिळू लागते. वक्ररेषा जुळली म्हणजे प्रतिमान बरोबर असा समज तेथून सुरू होतो. मोठ्या प्रतिमानाचा खरा धोका हाच आहे. गणनेला लागणारा वेळ ही त्यामानाने किरकोळ तक्रार.

शिवाय मोठे प्रतिमानही पूर्ण नसते. मूळ एडीएम१ मध्ये सल्फेटाचे क्षपण घेतलेले नाही. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांत मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे आसवनीचे सांडपाणी, बाहेर पडतो. त्याचे सीओडी लिटरला लाख मिलिग्रॅमच्या आसपास असू शकते, आणि त्यात सल्फेटही भरपूर असते. सल्फेट क्षपण करणारे जीवाणू मिथेनवाल्यांच्या तोंडचे अन्न पळवतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. वायूवर इंजिन चालवायचे असेल तर हा घटक टाळून चालत नाही. अशा ठिकाणी ३२ समीकरणांच्या प्रतिमानात एक आवश्यक गोष्ट नाही आणि अनावश्यक अनेक आहेत, अशी स्थिती होते.

सुलभीकरणाची पहिली आणि सर्वांत भक्कम युक्ती काळाच्या मापावर उभी आहे. ज्या घडामोडी विचाराधीन काळाच्या तुलनेने फार वेगवान आहेत त्या सतत समतोलात आहेत असे मानायचे, आणि ज्या फार संथ आहेत त्या गोठलेल्या आहेत असे मानायचे. मग वेगवान घटकाचे अवकल समीकरण साधे बैजिक समीकरण होते आणि संथ घटक नुसता एक स्थिरांक उरतो. जी. ई. ब्रिग्ज आणि जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२५ मध्ये एन्झाइमांच्या अभिक्रियांसाठी हा विचार वापरला. एन्झाइम आणि अन्नद्रव्य यांच्या संयुगाची संहती जवळजवळ स्थिर राहते असे धरून त्यांनी वेगाचे सूत्र काढले. (हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले आणि पुढे भारतीय नागरिक झाले. या विषयात त्यांचे नाव आणखी एकदा येते.) असे करणे केव्हा रास्त ठरते याचा काटेकोर गणिती पाया सोव्हिएत गणिती आंद्रेई तिखोनोव यांच्या १९५२ च्या प्रमेयाने घातला. त्यातली मुख्य अट अशी की वेगवान भाग आपल्या समतोलाकडे खरोखर ओढला गेला पाहिजे. तो समतोल स्थिर नसेल तर घटक कितीही वेगवान असला तरी त्याचे समीकरण काढून टाकता येत नाही.

एडीएम१ मध्ये हीच युक्ती स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या क्रिस्टियन रोसेन आणि उल्फ येप्सन यांच्या गटाने वापरली. हायड्रोजन आयन आणि विरघळलेला हायड्रोजन वायू यांचे बदल इतके झटपट होतात की संगणकाला त्यांच्यासाठी अतिसूक्ष्म पावले टाकावी लागतात, तर टाकीचे एकूण वर्तन दिवसा-महिन्यांच्या मापाचे असते. त्यांनी ही दोन चले बैजिक समीकरणांतून सोडवली, त्यामुळे शेकडो दिवसांची प्रतिरूपे व्यवहार्य वेळात काढता येऊ लागली. या सुलभीकरणात माहिती जवळजवळ काहीच हरवत नाही. अशी संधी जेथे असेल तेथे ती आधी घ्यावी, कारण पुढच्या सगळ्या युक्त्यांची काही ना काही किंमत मोजावी लागते.

दुसरी युक्ती समूहन. सारखे वागणारे घटक एका नावाखाली आणायचे आणि त्यांचा हिशोब एकत्र ठेवायचा. रासायनिक अभियांत्रिकीत जेम्स वेई आणि जेम्स कुओ यांनी १९६९ मध्ये असे समूह केव्हा बिनचूक ठरतात याच्या अटी काढल्या. त्या अटी जैविक टाकीत तंतोतंत पाळल्या जात नाहीत, तरी युक्ती चालते. बायोगॅसमधले तिचे उत्तम उदाहरण फ्रान्समधले आहे. ऑलिव्हिए बर्नार आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेल्या आणि पुढे एएम२ या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रतिमानात फक्त दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात एक सूक्ष्मजीवगट सेंद्रिय पदार्थ खाऊन बाष्पनशील आम्ले करतो, दुसऱ्यात दुसरा गट ती आम्ले खाऊन मिथेन करतो. स्थितिचले सहाच आहेत : दोन सूक्ष्मजीवगट, सेंद्रिय पदार्थ, आम्ले, अल्कता आणि अकार्बनी कार्बन. हे प्रतिमान नार्बोन येथल्या सुमारे एक घनमीटरच्या प्रायोगिक टाकीवर, वाइनच्या आसवनीतल्या सांडपाण्यावर तपासले गेले. फ्रेंच द्राक्षांचे सांडपाणी आणि आपल्याकडचा मळीचा स्पेंटवॉश एक नव्हेत, पण कुळी एकच. प्रतिमानाची बांधणी उचलता येते, प्राचले मात्र नव्याने काढावी लागतात.

एएम२ च्या सहा चलांपैकी सेंद्रिय पदार्थ, आम्ले आणि अल्कता ही थेट मोजता येतात, आणि तीही प्रत्येक आसवनीच्या प्रयोगशाळेत रोज मोजली जाणारी. हा योगायोग नाही. ते प्रतिमान संयंत्राचे नियंत्रण करण्यासाठी बांधले होते, म्हणून मोजता येणाऱ्या राशींभोवती रचले गेले. सूक्ष्मजीवांचे प्रमाण थेट मोजता येत नाही, पण उरलेल्या मोजमापांवरून ते अनुमानाने काढता येते. समीकरणे ३२ असतील तर असे अनुमान बांधणे जवळजवळ अशक्य होते.

या छोट्या प्रतिमानाचा खरा लाभ मात्र आणखी वेगळा आहे. आम्ले खाणाऱ्या गटासाठी त्यात मोनोऐवजी हाल्डेनचे सूत्र वापरले आहे. हाल्डेनने ते १९३० च्या सुमारास एन्झाइमांसाठी दिले होते आणि जॉन अँड्र्यूज याने १९६८ मध्ये ते सूक्ष्मजीवांच्या वाढीला लावले. या सूत्रानुसार आम्ले वाढली की वाढीचा वेग आधी चढतो, एका शिखराला पोचतो आणि मग उतरू लागतो, कारण जास्त आम्ल त्याच सूक्ष्मजीवांना मारक ठरते. टाकीतून रोज ठरावीक भाग बाहेर जात असेल तर टिकून राहण्यासाठी वाढीचा वेग तेवढाच असावा लागतो. शिखर असलेल्या वक्ररेषेवर असे दोन बिंदू मिळतात, एक चढावर आणि एक उतारावर. चढावरचा बिंदू स्थिर असतो. आम्ल थोडे वाढले तर सूक्ष्मजीव जोमाने वाढून ते खाऊन टाकतात. उतारावरचा बिंदू अस्थिर असतो. त्याच्या पलीकडे गेल्यावर आम्ल वाढते तसा खाणाऱ्यांचा वेग आणखी मंदावतो, सामू उतरतो आणि अखेर मिथेनवाले वाहून जातात.

यातून निघणारा निष्कर्ष कागद-पेन्सिलीने काढता येतो. रोजची भरणी तीच आणि प्रवाहही तोच असताना टाकी निरोगी असू शकते किंवा मेलेली असू शकते. ती कोठे आहे हे तिच्या इतिहासावर अवलंबून असते. म्हणूनच जास्त भरणीने बिघडलेली टाकी भरणी पूर्वपदावर आणली म्हणून सुधारत नाही. काही काळ भरणी थांबवावी लागते किंवा अल्क आणि ताजे विरजण घालावे लागते. संयंत्र चालवणाऱ्यांना हे अनुभवाने माहीत असतेच, आणि आम्ले व अल्कता यांच्या गुणोत्तरावर ते नजर ठेवतात. ते गुणोत्तर ०.३ ते ०.४ च्या खाली असेल तर निर्धास्त, असा प्रघात आहे. सहा चलांच्या प्रतिमानाने त्यामागचे कारण उघडे केले. एडीएम१ मध्येही टाकी अशीच कोसळते, पण का कोसळली हे ३२ समीकरणांच्या गर्दीत सहजी दिसत नाही.

किंमत काय मोजली तेही स्पष्ट आहे. सगळी आम्ले एकाच खात्यात गेल्यामुळे प्रोपिओनेट आणि अॅसिटेट यांतला फरक पुसला गेला. प्रोपिओनेटाचे साचणे ही अनेकदा बिघाडाची आगाऊ सूचना असते, आणि ती या प्रतिमानात दिसणार नाही. द्रव सांडपाण्यासाठी रचलेले असल्याने घन कच्च्या मालाचे जलविच्छेदन मूळ एएम२ मध्ये नाही. शेण किंवा पेंढा घालायचा असेल तर तो टप्पा परत जोडावा लागतो, कारण तेथे सर्वांत संथ पायरी तीच असते आणि साऱ्या साखळीचा वेग तिच्यावर ठरतो.

शेणाच्या टाकीसाठी याहूनही लहान प्रतिमान आहे. वाय. आर. चेन आणि ए. जी. हाशिमोतो यांनी १९७८ मध्ये अमेरिकेत मांडलेल्या सूत्रात वेळेनुसार बदलणारे काहीच नाही. रबडी टाकीत सरासरी किती दिवस राहते, म्हणजे धारणकाल, आणि तापमान यांवरून किती मिथेन मिळेल एवढेच ते सांगते. सूक्ष्मजीवांच्या कमाल वाढीचा दैनिक वेग त्यांनी तापमानाशी सरळ रेषेने जोडला : अंश सेल्सिअसमधल्या तापमानाला ०.०१३ ने गुणायचे आणि ०.१२९ वजा करायचे. ३५ अंशांना हा वेग ०.३२६ येतो, म्हणजे धारणकाल साधारण तीन दिवसांच्या खाली गेला तर सूक्ष्मजीव वाहून जातील. २० अंशांना तो ०.१३१ येतो आणि ही मर्यादा साडेसात दिवसांच्या पुढे सरकते. प्रत्यक्षात धारणकाल याच्या कितीतरी पट ठेवला जातो. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या गोबरगॅस संयंत्रांत प्रदेशाच्या हवामानानुसार ३०, ४० आणि ५५ दिवस असे तीन धारणकाल रूढ झाले. एक घनमीटर वायूला २५ किलो ताजे शेण हा ठोकताळाही त्याच परंपरेतला. हा आकडा म्हणजे एकाच प्राचलाचे प्रतिमान होय, आणि गवंड्याला टाकीचे माप सांगण्यापुरते ते पुरेसे आहे.

ते कोठे तुटते हे पुण्यातल्या ‘आरती’ या संस्थेच्या कामातून दिसले. डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या या संस्थेने शेणाऐवजी पिष्टमय आणि शर्करायुक्त खरकटे वापरणारे आटोपशीर घरगुती संयंत्र विकसित केले आणि त्याला २००६ मध्ये अॅशडेन पुरस्कार मिळाला. गुराच्या पोटातून आलेल्या शेणात सहज पचणारे फारसे काही उरलेले नसते. पिष्टाचे जलविच्छेदन मात्र झपाट्याने होते. शेणासाठी काढलेला ३०-४० दिवसांचा आकडा तेथे लावला तर टाकी विनाकारण मोठी होते. उलट पिष्टाची भरणी जास्त झाली तर आम्ले साचण्याचा धोका शेणापेक्षा बराच मोठा असतो, आणि तो धोका ठोकताळ्याच्या प्रतिमानात दिसूच शकत नाही.

बायोडिझेलमध्ये जीवाणू नाहीत, तरी प्रश्न तोच. तेलातील ट्रायग्लिसराइडची मिथेनॉलशी अभिक्रिया होऊन आधी डायग्लिसराइड, मग मोनोग्लिसराइड आणि शेवटी ग्लिसरॉल तयार होते. प्रत्येक पायरीला एस्टरचा एक रेणू सुटतो. तीनही पायऱ्या उलटसुलट चालतात, म्हणून वेगाचे स्थिरांक सहा. नेब्रास्का विद्यापीठातील नूरेद्दिनी आणि झू यांनी १९९७ मध्ये सोयाबीन तेलासाठी ते सहाही काढले. समीकरणानुसार तेलाच्या एका रेणूला मिथेनॉलचे तीन रेणू पुरतात, पण व्यवहारात बहुधा सहा घालतात. मिथेनॉल असे भरपूर असले की त्याची संहती स्थिर मानता येते, उलट अभिक्रिया दुबळी होते, आणि सहा स्थिरांकांच्या जागी एकच स्थिरांक असलेले एका पायरीचे प्रतिमान उरते. बॅचला किती वेळ द्यावा हे त्यावरून ठीक कळते. सुरुवातीला तेल आणि मिथेनॉल एकमेकांत मिसळत नसल्याने अभिक्रिया रेंगाळते, तो भाग त्यात येत नाही, पण चांगला ढवळक असेल तर ती उणीव चालते. न चालणारी उणीव दुसरीच आहे. युरोपच्या ईएन १४२१४ मानकात एकूण ग्लिसरॉलचे प्रमाण ०.२५ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही, आणि त्या हिशोबात अर्धवट राहिलेली मोनो आणि डायग्लिसराइडेही धरतात. एका पायरीच्या प्रतिमानात हे मधले पदार्थ अस्तित्वातच नाहीत. इंधन मानकात बसेल का, या प्रश्नाला ते उत्तर देऊ शकत नाही.

इथेनॉलच्या बाबतीत तळाचा हिशोब शाळेतल्या रसायनशास्त्राचा आहे. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. ग्रॅमला ०.५११ ग्रॅम ही मर्यादा कोणत्याही प्रतिमानाला ओलांडता येत नाही, आणि ज्याचे उत्तर ती ओलांडते त्याचा जमाखर्च चुकलेला असतो. दुसऱ्या टोकाला यीस्टच्या साऱ्या जनुकसंचयावर बांधलेली प्रतिमाने आहेत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अशा प्रतिमानात ७०८ जनुके होती. तेवढ्या अभिक्रियांच्या वेगांची सूत्रे कोणाकडेच नव्हती, म्हणून तेथेही काळाच्या मापाची युक्ती वापरली गेली. पेशीतले मधले पदार्थ सेकंदांत येतात-जातात, पेशी तासांत वाढते, तेव्हा आतले सारे स्थिर अवस्थेत आहे असे मानून वेगाची सूत्रे वगळली आणि नुसत्या जमाखर्चाची रेषीय समीकरणे ठेवली. कोणते जनुक बंद केल्यास इथेनॉल वाढेल हे असे प्रतिमान सुचवू शकते, पण टाकी किती तासांत आंबून होईल हे त्याला आपणहून सांगता येत नाही.

प्राचलांची काटछाट हा वेगळा भाग आहे आणि तो बहुधा उपेक्षित राहतो. मॅक्स मॉरिस याने १९९१ मध्ये सुचवलेल्या पद्धतीने एकेक प्राचल थोडे हलवून उत्तर किती हलते ते पाहतात. उत्तर ज्यांच्यामुळे हलत नाही ती ग्रंथातल्या मूल्यांवर बांधून टाकता येतात. याहून कठीण प्रश्न जोडीने फिरणाऱ्या प्राचलांचा. मोनोच्या सूत्रातले दोन अंक एकाच बॅचच्या मोजमापांवरून काढायला गेले की एक वाढवून आणि दुसरा त्याला साजेसा वाढवून जवळजवळ तीच वक्ररेषा मिळते. अन्नाची संहती कायम कमी असेल तर दोन्ही अंक शोधण्याचा हट्ट सोडून त्यांचे गुणोत्तर तेवढे काढावे, कारण मोजमापांत माहिती तेवढीच असते. सूत्र साधे होते आणि खोटा नेमकेपणाही जातो.

सुलभ केलेले प्रतिमान तपासताना ते मोठ्या प्रतिमानाशी जुळते का हे पाहण्याची रीत आहे. ती उपयोगी आहे, पण तेवढ्यावर थांबणे बरोबर नाही. दोन्ही प्रतिमाने एकाच चुकीच्या गृहीतकावर उभी असू शकतात, म्हणून ज्या मोजमापांवरून प्राचले काढली त्यांच्याहून वेगळी मोजमापे लागतात, आणि शक्य तर संयंत्र बिघडले असतानाची. सुरळीत चाललेल्या टाकीची आकडेवारी कितीही जमवली तरी तिच्यात शिखरापलीकडच्या उताराची माहिती नसते. अलीकडे मोठ्या प्रतिमानाच्या उत्तरांवर न्यूरल जाळी शिकवून ती त्याच्या जागी वापरतात. त्यांना हीच मर्यादा अधिक कडकपणे लागू पडते, कारण जमाखर्चाचा नियम त्यांत मुद्दाम घातल्याशिवाय येत नाही.

टाकीच्या बाहेर पडून शेतापासून पंपापर्यंतची साखळी मांडायची झाली की सुलभीकरणाची दिशा उलटते. हरियाणात पानिपत येथे इंडियन ऑइलचा दुसऱ्या पिढीच्या इथेनॉलचा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे, क्षमता दिवसाला एक लाख लिटर आणि कच्चा माल वर्षाला सुमारे दोन लाख टन भाताचा पेंढा. त्या टाकीत सेल्युलोजचे ग्लुकोज कसे होते याचे तपशील साखळीच्या हिशोबात एका उताऱ्याच्या आकड्यात मावतात, टनाला इतके लिटर. तेथे न सोडता येणारी गोष्ट म्हणजे दिनदर्शिका. पेंढा शेतात मिळतो तो कापणीनंतरचे काही आठवडे, संयंत्राला तो वर्षभर लागतो. वार्षिक सरासरी घेतली तर साठवण, गाठी बांधण्याची यंत्रे, पावसात भिजून होणारी नासाडी आणि साठ्यात अडकलेले भांडवल हे सगळे समीकरणांतून नाहीसे होते आणि इंधन कागदावर स्वस्त दिसते. उसाच्या बाबतीतही तसेच. महाराष्ट्रातला गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. रस त्याच काळात वापरावा लागतो, कारण तो टिकत नाही. मळी टाकीत साठवून नंतरही आंबवता येते. म्हणून रसापासून इथेनॉल करणाऱ्या आसवनीच्या प्रतिमानात काळाची पायरी आठवड्याहून मोठी घेता येत नाही, आणि मळीवर चालणाऱ्या आसवनीला महिन्याची पायरी पुरते.